तुम्ही विचारलंत म्हणून : ओतलेले आकडे, ठोकलेले आकडे

"काका, ब्लॉक ओरिजिनल आहे हे ओळखायचं कसं?" इथे मिशिगनमध्ये जुन्या शेवरोले (शेवी) गाड्यांच्या नादी लागलेला प्रत्येक मराठी पोरगा मला हे एकदा तरी विचारतो. ब्लॉक म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, ज्यात सिलिंडर असतात. गेल्या आठवड्यात एकाने फोटोच पाठवला. १९६९ ची कॅमॅरो झी-२८, आणि विकणारा म्हणतो 'नंबर्स मॅचिंग', म्हणजे कारखान्यात बसवलेलं इंजिनच आजही गाडीत आहे. या दोन शब्दांपायी किंमत कुठल्या कुठे जाते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. वडील शिरोलीत एका फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे साचे करणारे, होते. बिडाचं कास्टिंग हातात घेतलं की ते आधी अक्षरांवरून अंगठा फिरवायचे. उठावाची अक्षरं साच्यातून येतात, धातूबरोबरच ओतली जातात. खोलगट अक्षरं पंचाने ठोकलेली असतात, आणि पंच-हातोडी बाजारात कोणालाही मिळते. शेवीचा ब्लॉक वाचताना मला आजही एवढंच उपयोगी पडतं.

उठावाचा मोठा नंबर ब्लॉकच्या मागे, बेलहाउसिंग (गिअरबॉक्सकडचं कवच) जिथे बसतं त्या फ्लँजवर, म्हणजे सपाट कडेवर, ड्रायव्हरच्या बाजूला असतो. सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे ३९७००१०. तो दिसला की लोक हरखतात. पण हा साचा १९६९ पासून १९७९ पर्यंत चालला. त्यात मेन कॅपला (क्रँकशाफ्ट धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांना) दोन बोल्टवाले ब्लॉक निघाले तसे मधल्या तीन कॅपना चार-चार बोल्टवालेही निघाले. ऑइल पॅन (इंजिनाखालची तेलाची तबकडी) उतरवल्याशिवाय 'फोर बोल्ट आहे हो' यावर विश्वास ठेवू नका.

त्याच फ्लँजवर पलीकडच्या बाजूला ओतल्याची तारीख सापडते. 'सी १४ ९' म्हणजे मार्चची १४ तारीख, कारण ए म्हणजे जानेवारी. आणि ९ म्हणजे? इथेच मी फसलो. ओहायोतल्या एका गॅरेजमध्ये मी ६९ चा ब्लॉक म्हणून पैसे मोजले, नारिंगी रंग कसा झगमगत होता! घरी आणून ब्लॉकच्या पुढची आकड्यांची सपाट जागा, म्हणजे पॅड, खरवडला तर नारिंगीखाली निळा निघाला. शेवीची इंजिनं १९७७ पासून निळी रंगवायला लागले. निळ्याखाली इंजिनाच्या कोडची तीन अक्षरं होती, आणि ६९ पर्यंत ती दोनच असत. माझा ९ हा ७९ चा होता. बायको अजून विचारते, "दहा वर्षांचा फरक तुला दिसला नाही?"

हा पॅड पुढे, पॅसेंजरच्या बाजूला, सिलिंडर हेडच्या पुढ्यात असतो. इथले आकडे ठोकलेले. पहिलं अक्षर व्ही असेल तर इंजिन फ्लिंटमध्ये जोडलं, मग महिना-तारीख, मग कोड. ६९ च्या झी-२८ मधल्या ३०२ इंजिनाचा कोड डीझेड. गाडीच्या व्हीआयएनचा (चॅसी नंबरचा) शेवटचा भागही पॅडवर किंवा ऑइल फिल्टरजवळ असतो, पण तो ठोकला गाडी जोडणाऱ्या कारखान्यात, नॉरवुडला किंवा व्हॅन नाइसला. जागा वेगळी, हात वेगळा. दोन्ही ओळी एकाच वळणाच्या दिसल्या की माझ्या पोटात गोळा येतो. पॅडवर कारखान्याच्या मशीनच्या, पुढून मागे जाणाऱ्या बारीक रेघा असाव्यात. प्रामाणिक दुरुस्तीतही त्या घासल्या जातात, पण मग आकडेही पुसट व्हायला हवेत. आणि तारखांचा क्रम : आधी ओतकाम, मग इंजिन, मग गाडी. हा उलटा असला तर चहा पिऊन घरी या.

आकडे जुळले तरी लोखंड तपासायचं राहतंच. आमच्याकडच्या थंडीत नुसतं पाणी भरून ठेवलेला ब्लॉक फुटतो. बाहेरून पॅनच्या कडेच्या वर आडवी भेग जाते, नाहीतर आत लिफ्टरच्या (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागांच्या) खोबणीत. फ्रीझ प्लग (ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची बुचं) उडाले म्हणून ब्लॉक वाचला, असं काही नाही. नवा रंग फासलेला असेल तिथे आधी बघा. मी माठासारखा वाजवूनही बघतो, पण ती सवय. खरा निकाल मशीन शॉपमध्ये मॅग्नाफ्लक्सने, म्हणजे चुंबकाने भेगा शोधणाऱ्या चाचणीने, लागतो. सिलिंडरच्या वरच्या कडेला नख अडकलं तर झीज आहे. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ४ इंच. ०.०३० इंचाने वाढवलेला चालतो, ०.०६० वाला मी घेत नाही.

आता त्या पोराचा फोटो. पॅड आरशासारखा गुळगुळीत आहे आणि डीझेड एकदम ठळक. मागच्या फ्लँजचा फोटो माग म्हटलं, तर विकणारा म्हणे, "इंजिन गाडीत आहे, दिसत नाही." दिसतं. लांब दांड्याचा छोटा आरसा, टॉर्च आणि थोडं ब्रेक क्लीनर लागतं. शनिवारी सकाळी मी मोकळा आहे, आरसा माझ्याकडे आहे. तू फक्त जुने कपडे घालून ये.