गुडघ्यातलं पाणी भार उचलतं

गुडघा दुखायला लागला की आपल्याकडे एकच वाक्य, "गादी झिजलीय". आईकडून हे इतक्यांदा ऐकलंय की कूर्चेचं (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, कार्टिलेज) पहिलं कॉम्प्युटर मॉडेल केलं तेव्हा माझ्याही डोक्यात रबराची गादीच होती. इलास्टिक मटेरियल, वरून लोड, रन. लगेच दबली आणि तिथेच थांबली. खरी कूर्चा असं करत नाही, वजन ठेवून दिलं तर ती अर्धा अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ हळूहळू दबतच राहते.

कारण तिच्या वजनात ६५ ते ८० टक्के पाणीच असतं. १९८० मध्ये व्हॅन मोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायफेजिक मॉडेल मांडलं, म्हणजे घन जाळं आणि त्यातलं पाणी दोन्ही एकत्र धरून गणित करायचं. दाब आला की पाणी बाहेर पडू बघतं पण छिद्रं इतकी बारीक की सुटता सुटत नाही, मग भार तेच पेलतं. चालताना पाऊल एक सेकंदही टेकत नाही, तेवढ्यात पाणी जाणार कुठे?

मग मी फेबायोमध्ये (युटा आणि कोलंबिया युनिव्हर्सिटीतल्या लोकांचं सॉफ्टवेअर, रिसर्चसाठी फुकट मिळतं) बायफेजिक मॉडेल लावलं, बाजू मोकळ्या ठेवून, तर पाण्याच्या वाट्याला जेमतेम एक तृतीयांश भार. प्रयोगात मात्र सुरुवातीला ९० टक्क्यांच्या वर मोजलेला आहे. दोन आठवडे मेश (मॉडेल ज्या छोट्या तुकड्यांत विभागतात ते जाळं) बारीक कर, टाइम स्टेप (गणितातली वेळेची पावलं) कमी कर, काही फरक नाही. चूक मेशमध्ये नव्हतीच, मी कोलॅजनचे (कूर्चेतल्या प्रथिनाचे) तंतू घातले नव्हते. हे तंतू दोरीसारखे, ताणलं तरच जोर धरतात, दाबलं तर नाही. वरून दाबल्यावर कूर्चा बाजूला फुगायला जाते, तंतू तिला फुगू देत नाहीत, आणि आतल्या पाण्याचा दाब एकदम चढतो. तंतू घातले आणि आकडा ९० च्या पुढे गेला, त्या रात्री मला झोप आली नाही.

आता पर्मिएबिलिटी (पाणी किती सहज वाहून जातं ते) दहापट वाढवून बघतेय, कारण संधिवाताच्या सुरुवातीला प्रोटिओग्लायकन (पाणी धरून ठेवणारे रेणू) कमी होतात आणि पाणी भराभर निसटतं. ते निसटलं की भार जाळ्यावर येतो. म्हणजे आईची गादी झिजायच्या आधी गळायला लागली असणार, हे तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग गळती थांबव की."