डेव्हलपरच्या तळाला बसलेला साका

शनिवार, रात्र

डी-७६ची, म्हणजे कृष्णधवल फिल्म धुवायच्या डेव्हलपरची, बाटली ट्यूबलाइटसमोर धरली तर तळाला पांढरा साका. परवा भरून ठेवली तेव्हा द्रावण अगदी नितळ होतं. हलवलं की बारीक ढग उठतो आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली बसतो. गाळून घ्यावं आणि मोकळं व्हावं, असं पटकन वाटतं. पण हा साका कशाचा आहे ते कळेपर्यंत मी गाळणार नाही, कारण गाळणीत नक्की काय अडकणार यावर सगळं अवलंबून आहे.

कृती जुनीच आहे. १९२० च्या दशकात कोडॅकमध्ये सिनेमाच्या फिल्मसाठी हे सूत्र बसवलं गेलं आणि अजून तेच चालतं. लिटरला मेटॉल (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, टाकणखार २ ग्रॅम. ५० अंशांच्या आसपासच्या पाऊण लिटर पाण्यात क्रमाने विरघळवायचं आणि वर पाणी घालून लिटर पुरं करायचं. क्रमाला फार महत्त्व आहे. सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल विरघळायला कुरकुर करतं, म्हणून ते आधी. त्याच्याही आधी सल्फाइटची एक चिमूट, म्हणजे मेटॉल हवेने खराब होत नाही.

समजा, तळाला बसलंय ते मेटॉलच असेल. सगळं मिळून असतं २ ग्रॅम. ते गाळून फेकलं तर डेव्हलपरचा जीवच गेला, निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकी येणार. आणि साका पाण्यातल्या क्षाराचा असेल तर? त्याचा हिशोब आज कागदावर करून बघितला. पाण्याची कठीणता लिटरला ४०० मिलिग्रॅम धरली (पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते) आणि ते सगळं कॅल्शियम सल्फाइट होऊन खाली बसलं, तरी १०० ग्रॅममधलं फार तर अर्धा ग्रॅम सल्फाइट खर्ची पडतं. डेव्हलपरला त्याचं काहीच नाही. दोन्ही साके पांढरेच. एक गाळायचा, दुसरा कदापि नाही.

आई डोकावून म्हणाली, "अगं, तुरटी फिरव की त्यात." तिच्या लहानपणी पावसाळ्यात नदीचं पाणी तसंच निवळायचे. पण तुरटी तरंगणारी माती खाली बसवते, विरघळलेला क्षार तिला हलत नाही. शिवाय या अल्कधर्मी द्रावणात तुरटी पडली तर ॲल्युमिनियमचा चिकट गाळ आणखी वर तयार होईल. तिला समजावून सांगितलं, तिला पटलंही.

मग परीक्षा घेतली. वरचं स्वच्छ द्रावण हलक्या हाताने दुसऱ्या बाटलीत ओतलं. तळाचा थोडा साका कॉफीच्या फिल्टर कागदावर घेऊन बॅटरीच्या डिस्टिल्ड वॉटरने धुतला. त्यातला चिमूटभर कोमट डिस्टिल्ड पाण्यात टाकून ढवळत बसले. मेटॉल किंवा थंडीने सुटलेले सल्फाइटचे खडे असते तर विरघळले असते. हे ढिम्म. भिंगाखाली अगदी बारीक सुया दिसत होत्या, उजेडात चमचमणाऱ्या. मग पांढऱ्या व्हिनेगरचे थेंब सोडले आणि कप बघता बघता स्वच्छ झाला. फसफसलं मात्र नाही, म्हणजे कार्बोनेट नव्हे. कॅल्शियम सल्फाइटच. ते सावकाश स्फटिक धरतं, म्हणूनच पहिल्या रात्री काही दिसलं नव्हतं.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. सोसायटीत सध्या टँकर चालू आहेत. खडकवासल्याचं पाणी असतं तेव्हा हा त्रास मला कधी झाला नाही. टँकरचं पाणी बोअरचं, आपल्या काळ्या पाषाणातून मुरून कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन आलेलं. गीझर आणि नळाच्या जाळ्या बघितल्या तरी कळतं. उकळून थोडा क्षार जातो, सगळा नाही. कॅल्शियम बांधून ठेवायला सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट लिटरला एखाद ग्रॅम घालतात, तो उपाय चांगला आहे. पण साठवणीच्या बाटलीत ते हळूहळू फुटत जातं, आणि मला महिनोन्‌महिने टिकणारं द्रावण हवं असतं. मला तर डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅनच बरा वाटतो. रसायनांच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

रोल धुताना एकास एक पातळ करायला लागतं ते पाणीही त्याच कॅनमधलं. खरं तर दहा मिनिटांत ओतून द्यायच्या द्रावणात साका धरायला वेळ मिळत नाही, पण पस्तीस मिमीच्या निगेटिव्हवर एक कण चिकटून बसला तर तिथे डेव्हलपर पोचत नाही. निगेटिव्हवर पारदर्शक ठिपका राहतो आणि प्रिंटवर तो काळा उमटतो. कोणाच्या गालावर असा ठिपका आला की रिटचिंगने तो घालवणं फार जिकिरीचं. शेवटची खळबळणीही डिस्टिल्डमध्येच, वाळताना डाग पडत नाहीत.

बाकी द्रावण कापसाच्या बोळ्यातून, मग फिल्टर कागदातून गाळून घेतलं. चिठ्ठीवर तारखेखाली "टँकरचं पाणी, गाळलेलं" असं लिहिलं. फिल्मच्या सुरुवातीचा कापून टाकलेला तुकडा दिव्याच्या उजेडातच त्यात बुडवून बघितला. काही मिनिटांत गडद काळा झाला, नेहमीसारखाच; म्हणजे डेव्हलपर शाबूत आहे. रोल उद्या सकाळी धुवायला घेते.