तुम्ही विचारलंत म्हणून: फरशी पुसायला एवढी मोठी मशीन काहून?

लग्नात विचारता, कृषी केंद्रावर विचारता, एकदा तर तेरवीच्या जेवणात बाजूला बसलेल्या भाऊंनी बुंदी वाढून घेता घेता विचारलं, "थे फरशी पुसाची मशीन तुमच्याच घरी हाये ना?" हाये, आमच्याच घरी हाये. त्याच्या पुढचे प्रश्न मला आता पाठ झालेत: केवढ्याची, बाई काहून नाही लावली, मंग वहिनी काय करते, आणि सगळ्यात शेवटी आवाज बारीक करून, खरंच पुसते का हो, घ्यावी का. प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलंय आणि त्यातलं एकही पूर्ण खरं नव्हतं, म्हणून आज बसून लिहितोय.

आधी किंमत. २२,४९९. आईला सहा हजार सांगितलंय, ज्यांचं आमच्या घरी येणंजाणं आहे त्यांनी सहाच लक्षात ठेवा. आमच्याकडे कुठलीही किंमत कापसात मोजल्याशिवाय कळत नाही, तर २०२४-२५ चा लांब धाग्याचा हमीभाव होता ७,५२१, म्हणजे तीन क्विंटल हमीभावानं गेला असता तर मशीन येऊन वर ६४ रुपये उरले असते. पण आपण दिला खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, भाव कमी पण काटा झाला की पैसे हातात म्हणून, त्यामुळे तीन क्विंटलावर अजून एक गाठोडं गेलं. हा हिशोब मी रात्री झोप येत नाही तेव्हा केलेला आहे, तुम्ही परत करून दाखवायची गरज नाही.

बाई काहून नाही लावली? दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत गावात एक बाई मोकळी दाखवा. वेचणीला किलोवर पैसे मिळतात, चारचौघींसोबत गप्पा होतात, ती माझ्या घरी एकटी वाकायला कशाला येईल आणि का यावं तिनं. वहिनी काय करते? तुमच्या वहिनीची, म्हणजे माझ्या बायकोची, साडेसातची एसटी असते, ती तालुक्याला नोकरीवर जाते आणि संध्याकाळी येऊन सैपाक करते. मी काय करतो हे कोणीच विचारत नाही म्हणून सांगतो, मी शेती करतो आणि फरशी पुसतो.

मशीन म्हणजे फार काही जादू नाही. उभा दांडा, त्याला दोन डबे, एक चांगल्या पाण्याचा, एक घाण पाण्याचा. खाली मऊ केसांचा रोलर, त्याच्यावर पाणी येतं, रोलर फिरून पुसतो, आतली एक पट्टी त्याला पिळते आणि मोटर ते घाण पाणी ओढून दुसऱ्या डब्यात टाकते. वायर नाही, बॅटरीवर चालते, अर्धा तास समजा, म्हणून लाईन गेली तरी काम थांबत नाही, हे एक आपल्याकडच्या हिशोबानं बरंय. बादलीत काय होतं, पहिल्या खोलीची घाण चौथ्या खोलीत नेऊन पसरवतो आपण, ते इथं होत नाही. आणि टाईल एक-दोन मिनिटांत कोरडी होते, पाय ठेवता येतो. मी मशीन घेतली ती या कोरड्या होण्यासाठी, बाकी सगळं नंतर कळलं.

आता ते, जे मी तेरवीच्या पंगतीत सांगू शकत नव्हतो.

२०२४ चा पोळा. आदल्या दिवशी खांदशेकणी, म्हणजे बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळायचे. पाऊस दोन दिवस थांबून थांबून येत होता आणि आमची जमीन भारी काळी, ओल्यात एकदा पाय टाकला की पायाला चिखलाचा दुसरा पाय लागतो, तुम्हाला माहितीच आहे. आई सकाळपासून घर पुसत होती. ६८ वर्षांची बाई, उकिडवी बसून, मागं मागं सरकत, जुन्या लुगड्याचं पोतेरं, बादलीत दोन झाकणं फिनाईल. ओसरी झाली, बैठक झाली, सैपाकघर झालं. मी बैल नाल्यावर धुऊन आणले, दारात बांधले आणि हळद-लोण्याची वाटी घ्यायला तसाच आत गेलो. चपला काढल्या होत्या. पाय धुतले नव्हते. ओसरीपासून ओट्यापर्यंत अकरा पावलं उठली, मी नंतर मोजली.

आई म्हणाली, "मले आवाज देल्ला असता तं आणून देल्ली असती वाटी." एवढंच. रागावली पण नाही. आणि मी काय म्हणालो तर, "वाळलं की पुसजो ना, कोणी मरून नाही रायलं इथं." आणि वाटी घेऊन बाहेर.

डाव्या बैलाचा खांदा मळून झाला आणि आतून बादलीचा आवाज आला. मला वाटलं बादली सांडली. आई ओरडली नाही, त्यामुळे बादलीच वाटली. उजवा बैल राहिला होता, त्याचा खांदा मळला, हळद लावली, कपाळाला हात लावून म्हटलंसुद्धा, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मग हात पुसत आत गेलो. किती वेळ गेला असेल? चार मिनिटं, पाच. मी हे मिनिटांचं कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोला पण नाही, ती आता इथंच वाचेल.

आई एका कुशीवर पडलेली, लुगडं ओलं, फिनाईलचं पांढरं पाणी पार चुलीच्या कोपऱ्यापर्यंत गेलेलं. अकरापैकी सात पावलं तिनं पुसली होती. मी दारात उभा आणि ती पडल्या पडल्या मला म्हणते, "पाय नको ठिऊ, वलं हाये."

मग शेजारच्यांची बोलेरो, मागच्या सीटवर तिला आडवं घेतलं, अमरावतीपर्यंत पन्नासेक किलोमीटर, प्रत्येक गतिरोधकाला ती माझं मनगट दाबायची आणि आवाज काढायची नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं. अर्धा खुबा बदलावा लागला. दुसऱ्या दिवशी आमची जोडी तोरणाखाली शेजाऱ्यानं नेली आणि मी दवाखान्याच्या जिन्यात बसून बहिणीला फोनवर सांगत होतो, "फिनाईलवर घसरली."

खोटं नाही ते, पण खरंही नाही.

ही जी बहीण, पुण्याला असते, तिनं मला २०२२ मध्येच या मशीनचा व्हिडिओ पाठवला होता, दादा आईसाठी बघ ना म्हणून. मी काय उत्तर दिलं ते अजून फोनमध्ये आहे: "आपल्या घरची घाण त्या डब्यात मावते का पागल" आणि हसणारे तीन चेहरे. वर तोंडी सांगितलं की आईला सवय आहे, बसून राहिली तर सांधे जाम होतील, काम करते म्हणून तर धडधाकट आहे. त्या माणसाशी मी रोज सकाळी दांडा हातात धरून भांडतो. मी म्हणतो, सांधे जाम होतील हे तुला कोणत्या डॉक्टरनं सांगितलं, की तुलाच पोतेरं हातात घ्यायचं नव्हतं? तो म्हणतो, बावीस हजाराची मशीन असती तर पडली नसती का? आणि इथं मी गप्प होतो, कारण त्याचं बरोबर आहे. मशीन असती तरी ती अकरा पावलं पुसायला आईनं पोतेरंच घेतलं असतं. मी पाय धुतले असते तर भागत होतं, बैल धुतले त्याच नाल्याला पाणी होतं. मग घेतली कशाला? आईच्या वॉकरच्या रबरी बुडांना ओली टाईल चालत नाही, हे कारण खरं आहे आणि ते मी सगळ्यांना सांगतो. दुसरं कारण हे की कापसाचे पैसे हातात आले आणि मला ते कुठंतरी लागावेत असं वाटत होतं, कुठं ते नीट कळत नव्हतं.

बरं, घ्यावी का. माझं घर सांगतो, तुमचं तुम्ही ठरवा.

टाईलच्या दोन खोल्यांत पैसे वसूल. बैठकीत जुनी शहाबादी आहे, खडबडीत, सांधे खाली-वर, तिथं रोलर उड्या मारतो आणि सांध्यातलं पाणी सांध्यातच राहतं, वरून पुसल्यासारखं दिसतं फक्त. भिंतीच्या कडेला बोटभर पट्टी सुटतेच. पावसाळ्यात तर आधी चिखल वाळू द्यायचा, ढेकळं झाडून घ्यायची, मगच मशीन, कारण ओली काळी माती आत गेली की घाण डब्यातल्या जाळीवर लेप बसतो, लोण्यासारखा, तो बोटानं काढावा लागतो. फरशी किती घाण आहे हे दाखवायला हिच्यावर एक दिवा आहे, स्वच्छ असली की निळा, घाण असली की लाल. श्रावणात आमच्याकडे तो निळा झालेला मी पाहिला नाही. आणि घाण डब्यात मावते का म्हणून हसलो होतो ना, तर खरंच मावत नाही, दोनदा रिकामा करावा लागतो. भरला की मशीन थांबते आणि इंग्रजीत बोलते. आई विचारते, "काय म्हणते थे?" मी सांगतो डबा भरला म्हणते. "थे तं मले बी दिसते."

फिनाईल टाकू नका. सर्फ तर बिलकुल नाही. पहिल्या आठवड्यात मी झाकणभर टाकलं, वास नाही आला तर आईला पुसल्यासारखं वाटत नाही म्हणून, आणि घाण डब्यात एवढा फेस झाला की वरून बाहेर आला, मशीन बंद. दोन दिवस सगळं सुटं करून वाळवलं तेव्हा चालली. कमी फेसाचं तिचं वेगळं लिक्विड येतं, तेच टाकायचं.

पाण्याचं आमचं दुखणं वेगळं. आम्ही खारपाणपट्ट्यातले, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. ते टाकलं की फरशीवर पांढुरके डाग, आणि ज्या बारीक भोकांतून पाणी येतं ती महिन्यात क्षारानं बुजायला लागली, सुईनं मोकळी करत बसलो. म्हणून आता शहानूर धरणाचं नळाचं गोडं पाणी टाकतो. त्यावरून घरात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. नळ येतो एक दिवसाआड, आई पन्नास वर्षं डोक्यावर गोडं पाणी वाहिलेली बाई, आणि पोरगा ते फरशीला घालतो. मी समजावलं की आई तू दोन बादल्या खारं पाणी घालत होती, हिला सगळं मिळून दोन-अडीच लिटर लागतं, पुसून झाल्यावर रोलर धुवायचं धरून. ती म्हणाली खारं पाणी दोन बादल्या म्हंजे खारंच हाये ना, थे कोण पेते? यावर माझ्याकडे उत्तर नाही. गेल्या पावसाळ्यात पन्हाळीखाली टाकी ठेवली, ते पाणी दिवाळीपर्यंत पुरलं, आता परत नळ.

आणि वास. घाण डबा त्याच दिवशी धुतला नाही तर दुसऱ्या दिवशी नाल्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं. रोलर स्टँडवर स्वतः धुऊन घेते ती, पण पावसाळ्यात वाळत नाही, मी काढून चुलीजवळ ठेवतो, अगदी जवळ नाही. म्हणजे पुसायला वीस मिनिटं आणि पुसणाऱ्याला पुसायला दहा. हे दुकानदार सांगत नाही.

वजन चार-साडेचार किलो आहे, ढकलायला हलकी जाते, पुढं आपोआप ओढते, पण उचलून पायरी चढवायची तर आईच्या हातची नाही. बहिणीनं आईसाठी म्हटलं होतं, आईनं तिला आजपर्यंत हात लावलेला नाही. तिचं नाव तिनं "बोलकं पोतेरं" ठेवलंय. मी पुसतो तेव्हा खुर्चीत बसून वॉकरच्या दांडीनं दाखवते, तिथं रायलं, अरे तिथं, पलंगाखाली काय तुह्या आज्यानं पुसाव?

आता मागच्या महिन्यातली गोष्ट. सकाळी सैपाकघर पुसून मी खळ्यात गेलो, तासाभरानं परत आलो तर भिंतीच्या कडेची ती बोटभर सुटलेली पट्टी ओली. ओट्यापासून दारापर्यंत सरळ ओली पट्टी, फिनाईलचा वास, आणि पट्टीच्या बाजूनं वॉकरचे चार-चार गोल ठसे. तिनं उभ्यानं, पोतेरं पायाच्या अंगठ्याखाली धरून, सरकवत सरकवत कड पुसली होती. बदललेल्या खुब्यावर. फिनाईलची बाटली मी दोन महिन्यांआधी माळ्यावर टाकली होती, ती कोणाकडून काढून घेतली देव जाणे.

माझ्या हातापायातलं बळच गेलं. मी दाराबाहेर थांबलो, बाहेरच्या नळावर पाय धुतले, कोरडे केले, मग आत गेलो. आई खुर्चीत बसून वातींचा कापूस पिंजत होती.

म्हटलं, आई, ही कड कोणी पुसली?

वर न पाहता म्हणाली, "मले काय मालूम. तुह्या मशीननं पुसली असन."