प्रीव्ह्यू बिल्डची नोंद : नवा स्टार्ट मेनू, मराठी टंकलेखन आणि जाणारे जुने घटक

विंडोज ११ च्या प्रीव्ह्यू बिल्डची, म्हणजे सर्वांना देण्याआधी चाचणीसाठी मिळणाऱ्या आवृत्तीची, ही नोंद लिहिताना येणाऱ्या सोयींइतकीच जागा मी जाणाऱ्या घटकांना दिली आहे, कारण नाशिक परिसरात ज्यांच्या संगणकांची देखभाल आपण हौसेने करतो त्यांचे काम नवी सोय मिळाली नाही म्हणून अडत नाही, पण जुना एखादा घटक गेला की थांबते. चाचणीचा लॅपटॉप नेहमीप्रमाणे वेगळा असून तो डेव्ह चॅनेलवर, म्हणजे चाचणीच्या आवृत्त्या मिळण्याच्या एका मार्गावर, आहे. घरचा संगणक स्थिर आवृत्तीवर आहे. सर्वांत आधीचे, कच्चे बदल देणारे कॅनरी चॅनेल मी जाणीवपूर्वक टाळले आहे, कारण तेथून खालच्या चॅनेलवर परतायचे तर विंडोज नव्याने बसवावी लागते आणि तेथे दिसणारे पुष्कळ बदल कोणत्याही ठरलेल्या आवृत्तीशी बांधलेले नसतात.

जून २०२५ मध्ये डेव्ह चॅनेलवर दिसू लागलेला नवा स्टार्ट मेनू ऑक्टोबरअखेरच्या ऐच्छिक अपडेटमधून स्थिर आवृत्तीतही उतरू लागला आहे. सगळे प्रोग्रॅम आता वेगळ्या पानावर न जाता त्याच पानावर खाली सरकून दिसतात, ते वर्गवारीने, चौकटींत किंवा यादीच्या रूपात मांडता येतात, आणि शिफारशींचा भाग सेटिंग्जमधून बंद करता येतो. हा बदल मला मनापासून आवडला. वर्गवारीच्या दृश्यात मात्र स्वतःचा वर्ग तयार करता येत नाही आणि एका वर्गात किमान तीन प्रोग्रॅम नसतील तर ते ‘इतर’मध्ये जातात, त्यामुळे मोजकेच प्रोग्रॅम असलेल्या दुकानातल्या संगणकावर यादीचे दृश्यच बरे, असे माझे मत झाले आहे.

येथे नवख्या मित्रांसाठी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘विनव्हर’ या आवृत्ती दाखवणाऱ्या खिडकीत दिसणारा बिल्ड क्रमांक सारखा असला, तरी दोन संगणकांवर सोयी सारख्या असतीलच असे नाही, कारण कंपनी नवी सोय एकाच वेळी सर्वांना न देता टप्प्याटप्प्याने चालू करते आणि विंडोज अपडेटच्या पानावरचा ‘नवे अपडेट उपलब्ध होताच मिळवा’ हा खटका चालू असलेल्यांना ती आधी मिळते. म्हणून आपल्या वहीत बिल्ड क्रमांकाच्या शेजारी त्या खटक्याची स्थिती आणि सोय प्रत्यक्ष दिसली की नाही, अशा दोन्ही नोंदी हव्यात. विवेटूल हे बाहेरचे साधन वापरून दडलेली सोय जबरदस्तीने चालू करणाऱ्यांनी तेही लिहावे. अन्यथा एकाच दोषाबद्दल दोघांचे अनुभव जुळत नाहीत आणि चर्चा भरकटते. शिवाय प्रीव्ह्यूमध्ये दिसले ते येणारच, असेही नाही. डिसेंबर २०१७ मध्ये इनसायडर (चाचणीत भाग घेणाऱ्यांच्या) बिल्डमध्ये आलेली ‘सेट्स’ ही सोय, ज्यात वेगवेगळे प्रोग्रॅम एकाच खिडकीत टॅब म्हणून उघडत, जून २०१८ मध्ये काढून घेतली गेली आणि पुढे कोणत्याही स्थिर आवृत्तीत आली नाही.

मराठीच्या दृष्टीने प्रीव्ह्यूचे महत्त्व यापेक्षा मोठे आहे. मराठीचा फोनेटिक (इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे मराठी टंकण्याचा) कीबोर्ड इतर भारतीय भाषांसह ऑक्टोबर २०१८ मध्ये इनसायडर बिल्डमध्येच प्रथम आला आणि मे २०१९ च्या अपडेटमधून सर्वांना मिळाला. त्या मधल्या काळात नोंदवलेला दोष सुधारला जाण्याची शक्यता नंतरच्यापेक्षा कितीतरी अधिक असते. त्यामुळे प्रत्येक बिल्डनंतर मी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण कळमांडणी) आणि फोनेटिक या दोन्ही कीबोर्डवरून ठरावीक शब्द टंकतो : दऱ्या, ऱ्हास, वाङ्मय, ॲप, शुश्रूषा. ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो, एकदा ऱ या स्वतंत्र अक्षराला हलंत जोडून आणि एकदा साध्या र ला हलंत व त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. ‘ॲ’ हे अक्षर २००८ पासून युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय संकेत-प्रमाणात स्वतंत्रपणे आहे, तरी जुन्या मजकुरात ते ‘अ’ आणि चंद्र असे दोन तुकड्यांत आढळते. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी असल्याने अशा नावांच्या दोन फायली एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी राहू शकतात. ‘ॲडव्हान्स’ नावाची फाइल शोधताना ती सापडत नसल्याची तक्रार दुकानातून आली, की पहिला संशय मी यावरच घेतो, आणि स्टार्ट मेनूमधला शोध दोन्ही रूपांना कसा वागवतो याची नोंद दर बिल्डला ठेवतो.

मे २०२५ पासून इनसायडरांच्या नोटपॅडमध्ये ठळक, तिरपी अक्षरे आणि शीर्षके देण्याची सोय आली आहे. तेथे ठळक केल्यावर अर्ध्या र चे रूप टिकते का, हेही आपण सर्वांनी निरनिराळ्या फॉन्टमध्ये तपासावे. दोष आढळल्यास विंडोज आणि एफ या कळा एकत्र दाबून फीडबॅक हब उघडावा, तोच दोष आधी कोणी नोंदवला आहे का ते पाहून त्यालाच पाठिंबा द्यावा, आणि नवी नोंद करताना कीबोर्डचे नाव, फॉन्ट, दाबलेल्या कळांचा क्रम व स्क्रीनचे चित्र जरूर द्यावे. देवनागरी न वाचणाऱ्या अभियंत्याला केवळ ‘अक्षर चुकले’ एवढ्यावरून काहीच कळत नाही.

आता जाणाऱ्या घटकांकडे येतो. पॉवरशेल २.० हे आज्ञा देण्याचे जुने साधन जुलै २०२५ मध्ये कॅनरीतून आणि नंतर विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीमधूनही निघाले, तर संगणकाची माहिती विचारणारी डब्ल्यूएमआयसी ही आज्ञा त्यापुढच्या २५एच२ आवृत्तीवर जाताना काढली जाते. या दोहोंचा फटका आपल्या परिसरात थोड्यांनाच बसेल. व्हीबीस्क्रिप्ट या जुन्या स्क्रिप्ट-भाषेचे तसे नाही. मे २०२४ मध्ये जाहीर झालेल्या योजनेनुसार ते २४एच२ मध्ये ऐच्छिक पण चालू अवस्थेतील घटक झाले, २०२७ च्या सुमारास ते मुळातच बंद अवस्थेत येईल आणि त्यानंतरच्या टप्प्यात विंडोजमधून पूर्णपणे काढले जाईल. पिंपळगाव बसवंत, ओझर, निफाड या पट्ट्यात द्राक्षांच्या पेट्यांचे हिशेब आजही जुन्या एक्सेल मॅक्रोंवर (फायलीतच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमांवर) चालतात, आणि मजकुरातील नमुने शोधण्यासाठी रेजएक्स्प वापरणारे जुने मॅक्रो नेमके याच घटकावर टेकलेले असतात.

याची चाचणी आजच करता येते. सेटिंग्जमध्ये सिस्टीमखालील ऐच्छिक घटकांच्या यादीतून व्हीबीस्क्रिप्ट काढून टाकावे, संगणक पुन्हा चालू करावा आणि हिशेबाच्या फायलींची प्रत उघडून प्रत्येक मॅक्रो चालवून पाहावा. घटक त्याच यादीतून परत बसवता येतो. हे काम चाचणीच्या लॅपटॉपवर मी सुरू केले आहे. द्राक्षांचा हंगाम भरात असताना व्यापाऱ्यांच्या संगणकांवरील अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवून ठेवता येतात, मात्र मॅक्रो बदलायचे असतील तर ते हंगाम उतरल्यावरच हाती घ्यावेत. पुढच्या नोंदीत कोणत्या प्रकारचे मॅक्रो अडले आणि त्यांना कोणता पर्याय लागू पडला, एवढेच देईन.