श्वास मोजताना सांगायचं नाही
आज वॉर्डात पुन्हा तेच. चार्टवर ओळीने सगळ्यांचे श्वास मिनिटाला २०! खरंच मोजले असते तर इतके जुळले नसते. "आता तुमचा श्वास मोजते" म्हटलं की पेशंटची लय बदलतेच. म्हणून नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची आणि नजर छातीवर. वर-खाली मिळून एक श्वास. लय अनियमित वाटली तर पूर्ण ६० सेकंद. मोठ्या माणसात १२ ते २० ठीक.

पोट तपासायचा क्रम मात्र वेगळा: आधी बघायचं, मग स्टेथोस्कोपने ऐकायचं, ठोकणं आणि दाबणं नंतर. आधीच दाबलं तर आतड्यांचे आवाज बदलू शकतात. दुखरी जागा सगळ्यात शेवटी, तीही पेशंटच्या चेहऱ्याकडे बघत.

आणि हो, बीपीचा कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) लहान पडला की रीडिंग उगाच जास्त येतं.