पीएस म्हणतं ३१, टॉप म्हणतं १४०

लिनक्सवर एखादा प्रोग्राम सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, किती खातोय असं विचारलं ना, की प्रत्येक कमांड वेगळाच आकडा सांगते, आणि गंमत म्हणजे सगळे खरे असतात. परवा देवगडच्या चुलतभावाच्या मशीनवर हेच झालं म्हणून म्हटलं लिहून टाकू.

त्याचं हापूसचं काम. मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, पेट्या भरतात, समोर कलमं. वांदरांच्या त्रासाला कंटाळून त्याने दोन कॅमेरे लावले आणि रेकॉर्डिंगसाठी एक जुना चार कोअरचा (म्हणजे प्रोसेसरमध्ये एकाच वेळी काम करणारे चार भाग) डेस्कटॉप ठेवला, त्यावर मोशन नावाचा प्रोग्राम चालतो, म्हणजे चित्रात हालचाल दिसली की रेकॉर्ड करायचं, नाहीतर गप्प बसायचं. सीझन सुरू झाला आणि दादाचा फोन, "ह्यो कॉम्प्युटर बघ रे जरा, इमान उडल्यासारखो आवाज करता." मी रत्नागिरीत, तो देवगडात, त्यामुळे एसएसएचने, म्हणजे लांबून दुसऱ्या मशीनवर कमांड चालवायच्या सोयीने, आत शिरलो.

आधी पीएस मारलं, म्हणजे चालू प्रोग्रामांची यादी देणारी कमांड, एयूएक्स हा पर्याय लावून. मोशनसमोर ३१ टक्के. मग टॉप लावलं, म्हणजे तीच यादी सतत ताजी करत दाखवणारी कमांड, तर त्याच मोशनसमोर १४०. आता १४० टक्के बघून नवीन माणूस घाबरतोच, पण टॉपमध्ये शंभर म्हणजे एक अख्खा कोअर, त्यामुळे चार कोअरच्या मशीनवर ४०० पर्यंत जाऊ शकतं आणि १४० म्हणजे साधारण दीड कोअर. मोठा आय दाबलात की तोच आकडा एकूण कोअरने भागून दाखवतो, मग ३५ दिसतं. १ हा आकडा दाबला की प्रत्येक कोअर वेगळा दिसतो, मोठा पी दाबलं की जास्त खाणारा वर येतो. एवढ्या तीन किल्ल्यांवर माझं बरंचसं काम भागतं.

पण १४० ला चारने भागून आलेले ३५ आणि पीएसचे ३१ जवळजवळ दिसतात म्हणून ते एकच आहेत असं अजिबात समजू नका, तो निव्वळ योगायोग. पीएस भागत बिगत नाही. ते बघतं की हा प्रोग्राम सुरू झाल्यापासून आत्तापर्यंत प्रोसेसरवर किती वेळ बसला, आणि त्याला सुरू होऊन किती वेळ झाला, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागतं. दहा तासांत तीन तास सहा मिनिटं सीपीयू वापरला असेल तर ३१ टक्के. संपला विषय. म्हणजे रात्रभर झोपलेला प्रोग्राम सकाळी पिसाळला तरी पीएस शांतपणे छोटा आकडा सांगत बसणार. टॉपचं उलट, ते मागच्या वेळी बघितलं तेव्हापासूनचा फरक घेतं, आणि साधारणपणे दर तीन सेकंदांनी बघतं. दोघंही माहिती एकाच ठिकाणाहून उचलतात, प्रॉक फोल्डरमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, नंबराखाली स्टॅट नावाची फाईल असते, तिच्यात प्रोग्रामच्या स्वतःच्या कोडमध्ये गेलेला वेळ आणि कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, गेलेला वेळ असे दोन आकडे असतात, बहुतेक मशीनवर सेकंदाचे शंभर भाग करून मोजलेले. टक्के तिथे कुठेच लिहिलेले नसतात, ते ज्याचं त्याने काढायचे. त्यामुळे मला कोणी "माझा प्रोग्राम ८० टक्के खातोय" असं सांगितलं की मी पहिलं विचारतो, किती वेळातले?

टॉपच्या वरच्या ओळीतलं लोड ॲव्हरेज तर तिसरीच भानगड. तिथले तीन आकडे १, ५ आणि १५ मिनिटांचे, आणि ते टक्के नाहीतच, सरासरी किती प्रोसेस चालू किंवा रांगेत आहेत ते सांगतात. लिनक्समध्ये त्यात डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही मोजतात, म्हणून जुन्या हार्डडिस्कवर लोड सहा आणि सीपीयू निवांत असंही दिसू शकतं. तेव्हा टॉपमधला डब्ल्यूए हा आकडा बघायचा, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ. दादाच्या मशीनवर तो नगण्य होता, म्हणजे दोष डिस्ककडे जात नव्हता, मोशनच खरंच राबत होता.

पण का राबत होता? टॉप समोर उघडं ठेवलं तर कधी १४०, कधी ९. आता दिवसभर कोण बघत बसणार. इथे पीआयडीस्टॅट ही कमांड कामाला येते, सिसस्टॅट पॅकेजमध्ये असतं, बऱ्याच मशीनवर आधीपासून नसतं, टाकून घ्यावं लागतं. मोठा सी देऊन प्रोग्रामचं नाव आणि पुढे ६० दिलं की दर मिनिटाची सरासरी एकेका ओळीत वेळेसकट छापत राहतं, ते फाईलमध्ये सोडून दिलं आणि आपल्या कामाला लागलो. (एक गोष्ट लक्षात ठेवा, त्याच पॅकेजमधली सार नावाची कमांड मागचा हिशोब ठेवते पण तो अख्ख्या मशीनचा, प्रोसेसवार नाही, त्यामुळे काल दुपारी कोणी खाल्लं हे आज विचारून उपयोग नाही.)

दुसऱ्या दिवशी फाईल उघडली तर सकाळी आकडा एक अंकी. अकरानंतर चढायला सुरुवात, तीनच्या सुमारास सगळ्यात वर, संध्याकाळी परत खाली. मला वाटलं कॅमेऱ्यापुढे गडी-माणसांची येजा असेल, पण गडी तर सकाळी सातलाच येतात आणि जेवून दुपारी आडवे होतात! मग रेकॉर्डिंग उघडून बघितलं. माणूस नाही, वांदर नाही, फक्त पानं हलतायत. शाळेत भूगोलात घोकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवले, दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुटतो, आणि देवगडात तो कसा सुटतो हे तिथल्या माणसाला सांगायला नको. पानं हलली की पिक्सेल बदलतात, पिक्सेल बदलले की मोशनला वाटतं काहीतरी घडलं, की लागला व्हिडिओ एन्कोड करायला, म्हणजे दाबून लहान करून साठवायला. रात्री मधूनच एखादी उडी होती ती कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यावर जमलेल्या किड्यांची.

उपाय म्हणून मोशनला मास्क देता येतो, म्हणजे कॅमेऱ्याच्या मापाचं एक चित्र, त्यातला काळा भाग तो हालचालीसाठी बघतच नाही. मी सगळी झाडं काळी करून पाठवली. दादा म्हणाला, "अरे वांदर झाडावरसूनच येतत मां!" खरंय. किती पिक्सेल बदलले की जागं व्हायचं तो थ्रेशोल्ड वाढवायचा म्हटलं तरी लांबचा वांदर चित्रात एवढासा दिसतो, तो पण सुटणार. शेवटी फक्त वरचे शेंडे काळे केले, बुंधे, गडगा (दगडी कुंपण) आणि मांगराचं छप्पर ठेवलं, आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घ्यायची तो आकडा, कमी केला. दुपारचा आकडा चाळिसाच्या आसपास आला. शून्य नाही होणार, वारा थांबत नाही.

तरी आवाज पुरता गेला नाही. मग प्रॉकमधल्या सीपीयूइन्फो फाईलमध्ये मेगाहर्ट्झ बघितले तर काम वाढलं की स्पीड वाढायच्या ऐवजी खाली येत होता. प्रोसेसर जास्त तापला की स्वतःच हळू होतो, आणि हळू झाला की तेवढ्याच कामाला जास्त वेळ लागतो, म्हणजे काम न वाढता टक्के वाढतात. हे टॉप सांगत नाही, तो बिचारा फक्त वेळ मोजतो. दादाला कॅबिनेट उघडायला सांगितलं. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकमध्ये गवताचा भुसा, पेट्यांत आंब्याखाली घालतात तोच, आणि पॉवर सप्लायच्या जाळीत एक वाळलेली पाल. ब्लोअर मारून झाला, मशीन भुशापासून लांब माळ्यावर गेलं, आणि आता दादाला ते पीआयडीस्टॅट मोबाईलवर बघायचंय, वांदर कधी येतात ते त्यावरून कळेल म्हणतो. बघू, पुढच्या वेळी गेलो की बसवून देतो.