स्टीम व्हॉल्व्हची गळती: दोन काळ्या ओ-रिंगा

एस्प्रेसो कॉफीचं मशीन: सिंगल बॉयलर (कॉफीला आणि वाफेला एकच बॉयलर), ५८ मिमी ग्रुप (कॉफी जिथून उतरते तो भाग), पितळी बॉयलर. आठ वर्षं जुनं, मी वापरलेलं घेतलं त्याला तीन वर्षं झाली. याच घडणीचं मशीन तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे आहे, म्हणून मापांसकट लिहिते.

लक्षण असं. सकाळचे दोन कप झाले की मशीनच्या मागच्या उजव्या पायाखाली पाणी. आधी चमचाभर असायचं, महिन्याभरात अर्धी वाटी व्हायला लागलं. मी थेट ग्रुप गॅस्केटवर, म्हणजे ग्रुपमधल्या रबरी कड्यावर, संशय घेतला. तेही खरोखर दगड झालं होतं, टोच्यानं तुकडे पाडून काढावं लागलं. नवं ८.५ मिमीचं बसवलं, पोर्टाफिल्टरचा (कॉफी भरून ग्रुपला अडकवतात त्याचा) दांडा पुन्हा सरळ समोर येऊन घट्ट बसायला लागला. पाणी मात्र तिथंच. मग एका सकाळी स्टीमचं बटण दाबलं आणि घरातला ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडला. पाणी हीटरच्या टर्मिनलपर्यंत पोचलं होतं. त्या क्षणापासून मशीन बंद, आणि दोन आठवडे घरात चहा.

बाबा तीस वर्षं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टर्नर (लेथवर काम करणारे) होते. त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "पाणी दिसतंय तितनंच गळतंय कशावरनं? वरनं बघत खाली ये."

तसंच केलं. प्लग काढला, मशीन पूर्ण गार होऊ दिलं, स्टीमचा नॉब उघडून उरलासुरला दाब सोडला आणि मगच झाकण काढलं. आतली ओल हेअर ड्रायरनं वाळवली. मग टिश्यू पेपरच्या पट्ट्या कापून प्रत्येक सांध्याला गुंडाळल्या: पंपाची नळी, ओपीव्ही (जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह), बॉयलरच्या दोन अर्ध्यांमधला जोड, स्टीम व्हॉल्व्हची मान. आधी गार पाण्यावर, बंद बास्केट (छिद्रं नसलेली चाळणी) लावून पंप चालवला. सगळ्या पट्ट्या कोरड्या. मग मशीन तापवून स्टीमवर ठेवलं. (झाकण उघडं असताना वीज चालू, तेव्हा हात लांब. पट्टी बघायची ती टॉर्च मारून, बोट लावून नाही.) चौथ्या मिनिटाला व्हॉल्व्हच्या मानेवरची पट्टी एका कडेनं काळसर झाली आणि बघता बघता भिजली.

एकदा कळल्यावर खुणा दिसायला लागल्या. मानेपासून बॉयलरच्या कडेवरून, थर्मोस्टॅटच्या पट्टीखालून, मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत एक पांढरी रेघ होती. जुन्या रांजणाच्या बाहेर क्षार फुटतात ना, तशी. पाणी गरम धातूवर वाळत गेलं आणि जायचा रस्ता लिहून ठेवत गेलं. ही रेघ मी गॅस्केट बदलतानाच शोधायला हवी होती.

व्हॉल्व्ह खोलला. आत दोन वेगळ्या जागा आहेत आणि दोन्ही वेगळ्या कारणांनी गळतात, हे इथं नीट समजून घ्या. नीडलचं (वाफेची वाट बंद करणाऱ्या सुईचं) टोक सीटवर, म्हणजे ते टेकतं त्या जागेवर, बसत नसेल तर पाणी वाँडच्या (दुधात बुडवायच्या वाफेच्या नळीच्या) तोंडातून ठिबकतं. स्पिंडलवरची (नॉबला जोडलेल्या दांड्यावरची) ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडं, गेली असेल तर पाणी नॉबच्या बाजूनं मशीनच्या पोटात जातं. माझं दोन्ही होतं.

ओ-रिंग हातात घेतली तर ती गोल राहिलीच नव्हती. एका बाजूनं चपटी, बाहेरून चकचकीत, वाकवली तर कडेला बारीक तडे. बिचारीवर भारही तेवढा असतो. सिंगल बॉयलरमध्ये कॉफी काढताना त्याच पोटात ९ बारचा दाब असतो, आणि स्टीमच्या वेळी तापमान १४० अंशांच्या पुढं जातं. रिंगला दोन्ही सोसावं लागतं, वर नॉब फिरवताना घासणं वेगळंच.

जुन्या चपट्या रिंगेचं माप घेऊन दुकानात जाऊ नका. बाबांनी स्पिंडल मोजायला लावला: ५.५ मिमी. रिंग बसते ती जागा एका बाजूला १.५५ मिमी. त्यावरून ५.२८ बाय १.७८ हे स्टँडर्ड माप निघालं. स्पिंडलवर रिंग किंचित ताणून बसते, आणि जाडीत साधारण १३ टक्के दाबली जाते.

इथंच माझी चूक झाली. मी काउंटरवर फक्त माप सांगितलं आणि मिळाली ती काळी रिंग घेऊन आले. बसवली, कोरडं ठाक. मी खुश. बाराव्या दिवशी पट्टी परत ओली. काढून बघते तर रिंग कडक, नखानं दाबली तर दबेना. ती एनबीआर होती, म्हणजे नायट्राइल. इंजिनाच्या तेलाला उत्तम, पण साधारण १०० अंशांच्या वर रोज वाफ खायला लागली की ते रबर लवकर कडक होतं.

दुसऱ्या दुकानात मात्र मालकांनी आधी विचारलं, "ताई, तेलाला पायजे का वाफेला?" वाफेला म्हटल्यावर त्यांनी ईपीडीएम (वाफेला टिकणारं रबर) काढून दिली, पेरॉक्साइड क्युअर्ड, म्हणजे पेरॉक्साइडनं पक्की केलेली, १५० अंशांपर्यंत चालणारी. एफकेएम (आणखी एक रबर) घेऊ का विचारलं, तर तेच म्हणाले की साधं एफकेएम कोरड्या उष्णतेला २०० अंशांपर्यंत टिकतं, वाफेत टिकत नाही.

पण दोन्ही रिंगा काळ्या. ही ईपीडीएमच आहे कशावरून? बाबांनी चिमटीत एक जुनी एनबीआर आणि एक जादा आणलेली नवी धरली, आणि स्टीलच्या वाटीत स्कूटरचं इंजिन ऑइल ओतून दोन्ही त्यात सोडल्या. तिसऱ्या दिवशी व्हर्नियर लावला. एनबीआर होती तशीच. नवी १.७८ वरून २.१ झालेली, मऊ, फुगलेल्या साबुदाण्यासारखी बुळबुळीत. ईपीडीएम पेट्रोलियम तेलात अशी फुगते, एनबीआर फुगत नाही. रिंग खरी असल्याची खात्री पटली, आणि डब्यातलं साधं ग्रीस तिला का लावायचं नाही तेही डोळ्यांनी दिसलं. मी फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस लावलं, तांदळाच्या दाण्याएवढंच.

आता नीडल. टोकावर पिवळट थर होता. मी तो क्षार समजून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात अर्धा तास ठेवला, वरचा थोडा पांढरा भाग गेला, पिवळा हलला नाही. कारण ते दूध होतं. आमच्याकडे गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचं म्हशीचं दूध येतं. त्याचा फेस दाट, जड येतो, मला दुसरा आवडतच नाही. पण स्टीम बंद केल्यावर बॉयलर गार होताना आत पोकळी होते आणि वाँड दुधात राहिला तर दूध आत ओढलं जातं. ते आम्लानं निघत नाही, अल्कली लागते. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात वीस मिनिटांत सुटलं. आता दूध तापवून झालं की वाँड लगेच बाहेर, आणि दोन सेकंद मोकळी वाफ.

सीटवर बारीक ओरखडा उरला होता. ऑइल इंजिनचे व्हॉल्व्ह लॅप करायचे (घासून जागेवर नेमके बसवायचे) तसा बाबांनी नीडल दोन बोटांत धरून, टूथपेस्टचा ठिपका लावून, अर्धा फेरा पुढं अर्धा मागं असा घोळवला. ग्राइंडिंग पेस्ट मुद्दाम टाळली, ती तोंडात जायच्या वस्तूला नको. दर दहा फेऱ्यांनी पुसून ते टोक उजेडात धरायचे. टोकाभोवती राखाडी रंगाचं अखंड कडं दिसलं तेव्हा थांबले. "झालं बघ, आता बसलं," एवढंच म्हणाले.

आजची स्थिती: ईपीडीएम बसवून चोवीस दिवस, रोज तीन ते चार वेळा स्टीम. मानेवरची पट्टी मी अजून काढलेली नाही, ती कोरडी आहे. ईएलसीबी पुन्हा पडलेला नाही. कॉफी काढताना वाँड पूर्ण कोरडा. स्टीमवर असताना मात्र साधारण ५० सेकंदांना एक थेंब अजून येतो, आधी तो सेकंदाला एक होता. रविवारी नीडल परत काढणार आहे. बाबांचं म्हणणं, कड्याला एका जागी तुटक आहे, अजून वीस फेरे लागतील.